फॉरमॅट मारण्याआधी

रविवार, २८ डिसेंबर २०२५, सातारा

सांगलीहून मामांचा फोन. कॉम्प्युटर सुरूच होत नाही. निळा पडदा येतो, त्यावर उदास चेहरा, मग मशीन आपलं आपण बंद होऊन पुन्हा चालू होतं आणि पुन्हा तेच. गल्लीतला दुरुस्तीवाला पोरगा बघून गेला. म्हणाला, "सर, विंडोज उडालंय. फॉरमॅट मारून देतो की." मामांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं आणि मला फोन लावला. मशीनमध्ये त्यांची सांगलीच्या नाट्यपरंपरेवरची वीसेक वर्षांची टिपणं आहेत: विष्णुदास भाव्यांचं १८४३ सालचं 'सीतास्वयंवर', हरिपूरचे देवल, खाडिलकर, गावोगावच्या हौशी मंडळ्या, जत्रेतले खेळ. फॉरमॅट हा शब्द ऐकूनच त्यांचा आवाज बसला होता.

फोनवरून मशीन तपासताना नेहमी एकच अडचण येते. काय झालं ते माणूस सांगत नाही, का झालं ते सांगतो. मामांचा निष्कर्षही तयार होता. महिन्याभरापूर्वी मशीन फार मंद झालं, तेव्हा त्याच पोराने 'नको त्या गोष्टी' बंद केल्या. त्यानंतर मराठी उमटेनासं झालं. मग मामांनी स्वतः टास्क मॅनेजर उघडला, तर 'एसव्हीसीहोस्ट' अशा एकाच नावाची रांगच्या रांग. घाबरून सी ड्राइव्हवरच्या लपलेल्या फायली दिसत्या केल्या, तिथे 'हायबरफिल' नावाचं काही जीबींचं धूड बसलेलं. ते उडवायला गेले, उडालं नाही. दोन दिवसांनी मशीन बंद पडलं.

"म्हणजे मीच काहीतरी करून ठेवलं, होय ना गं?"

नाही म्हटलं. ती फाइल विंडोज चालू असताना कुणालाच उडवता येत नाही. मशीन झोपवताना त्याच्या स्मृतीत जे असेल ते उतरवून ठेवायची ती जागा. उडाली असती तरी मशीनची फक्त झोप उडाली असती, दुसरं काही नाही.

मग सांगितलं, बटण दाबल्यापासून पडद्यावर जे जे येईल त्याचे मोबाइलवर फोटो काढा आणि पाठवा. पहिल्याच फोटोत काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं: तारीख-वेळ लावलेली नाही, पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा.

"हे कधीपासून येतंय?"

"ते होय? ते दिवाळीपासनं येतंय. मी एफ-वन दाबतो आणि पुढं जातो."

सगळ्यांचं लक्ष निळ्या पडद्याकडे, आणि खरी बातमी त्याच्याआधी येऊन गेलेली. शनिवारी येते म्हणून सांगितलं. तोवर कुणालाही हात लावू देऊ नका, हेही.

मंगळवार, ३० डिसेंबर, सातारा

पिशवी भरून ठेवली. विंडोजची पेनड्राइव्ह, स्क्रू-ड्रायव्हर, रंगकामाचा मऊ ब्रश, रिकामी हार्ड डिस्क आणि खोडरबर. खोडरबराशिवाय आपल्याकडे कॉम्प्युटर दुरुस्त होत नाही. रॅमच्या पट्टीच्या सोनेरी कडा घासून परत बसवल्या की मेली म्हणून सोडलेली कितीतरी मशीनं उठून बसतात.

पेनड्राइव्ह शोधताना माळ्यावर कॉम्प्युटर क्लासच्या काळातल्या वह्या सापडल्या. एमएस-सीआयटी २००१ साली सुरू झाली, सरकारी नोकरीसाठी ती लागू लागली आणि आमच्या पोवई नाक्याजवळच्या क्लासात सकाळी सातपासून बॅचा लागल्या. तलाठी, शिक्षक, पोलीस, गर्दीत अवघडून बसलेल्या सुना. वहीत २००३च्या ऑगस्टमधली एक नोंद आहे: 'ब्लास्टर. ६० सेकंद.' एवढंच. पण वाचल्यावर ब्लास्टर व्हायरसचे ते दिवस आठवले. इंटरनेट जोडलं की काही वेळाने पडद्यावर चौकट यायची, एक सेवा अचानक बंद पडल्याने मशीन ६० सेकंदांत बंद होत आहे, आणि आकडे उलटे पळायला लागायचे. समोरचा तलाठी खुर्ची सोडून उभा राहायचा. स्टार्टमध्ये जाऊन 'शटडाऊन', मग जागा, आडवी रेघ आणि 'ए' एवढं टाइप केलं की घड्याळ थांबायचं, आणि मग पॅच टाकायला सवड मिळायची. मिनिटभरात एवढं टाइप करून दाखवणारा त्या दिवसांत क्लासात हिरो ठरायचा.

पुढच्या वर्षी सॅसर आला. जर्मनीतल्या एका शाळकरी पोराचं काम. यात पडद्यावर 'एलसॅस'चं नाव यायचं. एलसॅस ही विंडोजची अस्सल फाइल. कोण आत येतंय, त्याचा पासवर्ड बरोबर आहे का, हे बघणारी. सॅसर तिच्यातल्या एका कच्च्या जागेवर मारा करायचा, ती कोसळायची आणि मशीन बंद व्हायचं. कोसळलेल्याचं नाव पडद्यावर, मारणाऱ्याचं नाही. साहजिकच लोक एलसॅसलाच व्हायरस समजले आणि ती उडवायच्या मागे लागले. पुढे भामट्यांनी याचाही फायदा घेतला: लहान एलच्या जागी मोठा आय घालून हुबेहूब दिसणारं नाव केलं आणि आपली फाइल त्या नावाने सोडली. नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. ती कुठल्या फोल्डरात बसली आहे हे बघितलं तर कळतो.

याहून मजेदार अस्वलाची गोष्ट. २००२ साली मैत्रीच्या मैत्रीत एक ईमेल फिरत होतं: तुमच्या मशीनमध्ये अमुक नावाची फाइल असेल, तिचं चित्र छोट्या अस्वलाचं आहे, तो व्हायरस आहे, चौदा दिवस झोपून राहतो, ताबडतोब उडवा आणि सगळ्या ओळखीच्यांना कळवा. लोक शोधायचे. फाइल असायचीच, कारण ती विंडोजबरोबर आलेलीच होती, जावाच्या कामाची. अस्वलही खरंच असायचं. आदल्या वर्षी दुसऱ्या एका फाइलबद्दल हेच झालं होतं; ती लांब नावं सांभाळून ठेवण्याच्या कामाची होती. दोन्ही वेळी व्हायरस असा नव्हताच. मशीन बिघडवायचं काम घरोघरच्या सज्जन माणसांनी स्वतःच्या हाताने केलं आणि वर शेजाऱ्यालाही कळवलं. आजही मोबाइलवर जे पुढे पाठवलं जातं त्यात मला ते अस्वल दिसतं.

आणखी एक आठवण वहीच्या मागच्या पानावर आहे: 'क्विक हील – रहिमतपूर!' उद्गारचिन्हासकट. क्विक हील अँटिव्हायरसचे कैलाश काटकर मूळचे आपल्या सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे, हे तेव्हा कुठेतरी वाचलं आणि बॅचला सांगितलं होतं. शिक्षण दहावी. पुण्यात महिना ४०० रुपयांवर कॅल्क्युलेटर आणि रेडिओ दुरुस्त करणारा मुलगा. पुढे स्वतःचं दुरुस्तीचं दुकान काढलं, दुकानात कॉम्प्युटर येऊ लागले, आणि आलेल्यांपैकी पुष्कळांचं दुखणं व्हायरसचंच निघू लागलं. धाकटा भाऊ संजय कॉम्प्युटर शिकत होता. त्याने ते साफ करणारे प्रोग्रॅम लिहिले आणि १९९५ साली क्विक हील बाजारात आलं. या गोष्टीचा शेवट सगळे शेअर बाजारात करतात. मला तिची सुरुवात आवडते, दुरुस्तीच्या टेबलावरची. आलेलं प्रत्येक मशीन त्यांनी नुसतं पुसून परत दिलं असतं तर ते दुकान दुकानच राहिलं असतं.

गुरुवार, १ जानेवारी २०२६, सातारा

शाहू स्टेडियमवर ९९वं साहित्य संमेलन. गावात पाय ठेवायला जागा नाही. पुस्तकांचे स्टॉल फिरून आले, हात भरून आले. उद्या आवराआवर, परवा सांगली.

शनिवार, ३ जानेवारी, सांगली

सकाळच्या एसटीने कराड, पेठ नाका करत आले. पेठ नाक्याच्या पलीकडे वारणेचा पट्टा लागतो. १९९८ साली त्या वारणा खोऱ्यात, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या ७० गावांत, सरकारने कॉम्प्युटर नेऊन ठेवले होते. 'वायर्ड व्हिलेज' म्हणून तेव्हा त्याचं फार कौतुक झालं. शेतकरी त्यावर बाजारभाव बघणार, शेतीचा सल्ला घेणार अशी कल्पना होती. प्रत्यक्षात ते मुख्यतः उसाच्या हिशेबाला वापरले गेले: किती टन गेला, किती खत उचललं, बिल कधी. काही वर्षांनी संशोधकांनी काही गावांत कॉम्प्युटरच्या जागी साधा मोबाइल आणि एसएमएस ठेवून पाहिला, आणि तेवढ्याच कामाला तो स्वस्त पडला. गावातला कॉम्प्युटर विकत घेणं सोपं असतं. वीज गेल्यावर, उंदराने वायर कुरतडल्यावर, चालवणारा रजेवर गेल्यावर तो पुन्हा सुरू कोण करणार, याची तरतूद कुठल्याच अंदाजपत्रकात नसते.

मामांचं घर गावभागात. खालच्या खोलीच्या भिंतीवर २०१९च्या पुराची रेघ अजून आहे. मामांनी रंगाऱ्याला ती पुसू दिली नाही. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५. जुना कॉम्प्युटर त्यात गेला. टिपणं वाचली ती मिरजेला बहिणीकडे ठेवलेल्या सीडीमुळे. त्यानंतर घेतलेलं हे जुन्या बाजारातलं मशीन वरच्या मजल्यावर आहे, आणि काम झालं की मामा भिंतीवरचं मुख्य बटण न चुकता बंद करतात. पाण्यात वीज उतरलेली पाहिलेला माणूस. त्याला कोण काय सांगणार?

पण दुखणं तिथेच होतं. मदरबोर्डवर रुपयाएवढा एक सपाट सेल असतो. मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवायचं आणि बोर्डाची सेटिंग लक्षात ठेवायची, एवढंच त्याचं काम. भिंतीवरचं बटण चालू असेल तर हे काम विजेवर होतं आणि सेल नुसता पडून राहतो. मामांच्या घरी रोज तेवीस तास सगळा भार त्या सेलवर. तो दिवाळीच्या सुमारास संपत आला असणार, आणि आधी घड्याळ गेलं.

"मामा, बँकेची साइट उघडताना काही तक्रार करत होती का?"

"करत होती की. सुरक्षित नाही म्हणायची. मला वाटलं बँकच गेली."

बँक नव्हती गेली. मशीनला वाटत होतं आपण २०१३ सालात आहोत, बोर्ड जन्मला त्या वर्षात. त्या तारखेला बँकेचा आजचा दाखला अजून निघालेलाच नव्हता, मग ते त्यावर विश्वास कसा ठेवणार? आणि शेवटी सेल पुरता संपला तेव्हा दुसरी एक गोष्टही विसरली गेली होती: हार्ड डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलायचं ती. विंडोज बसवलं तेव्हा ती नवीन पद्धतीवर होती. बोर्ड सगळं विसरून आपल्या मूळ, जुन्या पद्धतीवर गेला. विंडोज जागं होतं, डिस्कला हाक मारतं, ओ येत नाही, निळा पडदा. निळ्या पडद्यावर तेच लिहिलेलं होतं, सुरुवातीची डिस्क हाती लागत नाही असं. विंडोज उडालं नव्हतं, डिस्कही धडधाकट होती.

हरभट रोडवरच्या घड्याळवाल्याकडून सेल आणला. चहा-भज्यांच्या पैशांत आला. कॅबिनेट उघडून आधी ब्रशने धूळ काढली, खोडरबराचा विधी उरकला (गरज नव्हती, पण मामा वाट बघत होते), सेल बदलला, बोर्डाच्या सेटिंगमध्ये तारीख घातली, डिस्कची पद्धत नव्यावर नेली. विंडोज उठलं.

मामांना हे सगळं कोणत्या क्रमाने होतं ते हवं होतं. म्हटलं, बटण दाबल्यावर आधी बोर्डावरची चिप जागी होते. ती रॅम, कीबोर्ड, डिस्क आहेत का बघते. मग डिस्कवरच्या एका छोट्या प्रोग्रॅमला उठवते, तो विंडोजचा गाभा आणतो, गाभा ड्रायव्हर आणतो, मग सेवा सुरू होतात, मग तुमचा पासवर्ड, आणि सगळ्यात शेवटी तुम्ही किंवा तुमच्या नावाने कुणीतरी लावून ठेवलेले प्रोग्रॅम.

"म्हणजे पहिली घंटा, दुसरी घंटा, तिसरी घंटा," मामा म्हणाले. "आणि नट आला नाही हे कळतं पडदा उघडल्यावर. पण तो घरातनंच निघालेला नसतो."

याहून चांगलं मी क्लासात कधी सांगितलं नव्हतं.

रविवार, ४ जानेवारी, सांगली

मशीन चालू झालं, पण मराठी नाही. टिपणांची फाइल उघडली की टोप्या आणि टिंबं घातलेल्या रोमन अक्षरांची रांगोळी. मामींनी कालपासून देव पाण्यात ठेवले आहेत असं मामा म्हणतात; मामी म्हणतात, मी फक्त भडंग केलंय.

मामांचं मराठी युनिकोडच्या आधीचं आहे. त्या काळी मराठी पॅकेज विकत घ्यायचं, त्याची सीडी यायची, आणि कुलूप म्हणून मशीनच्या मागे एक डोंगल लावावा लागायचा. डोंगल काढला की मराठी बंद. त्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत: काना एका जागी, अर्धा 'श' दुसऱ्या जागी. फाइलमध्ये साठतात इंग्रजी जागांचे आकडे, दिसतं मराठी. फॉन्ट आहे तोवर 'नाटक', फॉन्ट गेला की खरकटं. शिवाय एका कंपनीचा फॉन्ट दुसरीच्या जागा मानत नाही. महाराष्ट्रात नव्वदच्या दशकात आणि नंतरही जेवढं काही टाइप झालं, पुस्तकं, लग्नपत्रिका, जिल्हा परिषदेचे ठराव, त्यातलं किती अशा कुलपात आहे याचा विचार करू नये, झोप लागत नाही.

सुरुवातीला चालू होणाऱ्या प्रोग्रॅमांची यादी उघडली. विंडोज ८ पासून ती टास्क मॅनेजरमध्येच आहे. बंद केलेल्यांत एक नाव: चार रोमन अक्षरं आणि एक आकडा, प्रकाशकाच्या रकान्यात काही नाही, चित्रही नाही. कुणीही संशय घेईल असं. तेच मामांचं मराठी पॅकेज. तेव्हाच्या छोट्या कंपन्या आपल्या फायलींवर डिजिटल सही करत नसत. चालू ठेवलेल्यांत मात्र एक छान, रंगीत चित्राचं 'पीसी वेगवान करा' नावाचं काहीतरी दिमाखात बसलेलं, सहीसकट. हे कुणी बसवलं? मामांना आठवेना. फुकटच्या पीडीएफ प्रोग्रॅमबरोबर आलं असणार. पुढे, पुढे, पुढे दाबताना खालच्या बारीक चौकटीत आधीच टिचकी मारलेली असते. मशीन मंद केलं होतं त्यानेच.

तेवढ्यात दुरुस्तीवाला पोरगा स्वतःहून वर आला. मामींनी बोलावलं असावं. सुरुवातीला दाराशीच उभा होता, मग खुर्ची ओढून बसला. फॉन्ट त्यानेच काढले होते. फॉन्टांनी मशीन जड होतं हे त्याला कुणीतरी शिकवलं होतं, आणि ते अगदी खोटंही नाही. मी त्याला फायलीची ओळख कशी पटवायची ते दाखवलं. नाव शेवटी बघ. आधी ती कुठे राहते ते बघ: विंडोजच्या सिस्टिम-३२ फोल्डरात की कुणाच्या तात्पुरत्या फोल्डरात? मग सही आहे का? मग कधीपासून आहे? मग व्हायरस टोटल या साइटवर तिचा ठसा टाकून बघ, पण लोकांच्या कागदपत्रांच्या फायली तिथे चढवायच्या नाहीत. आणि यातलं काहीच कळलं नाही तर उडवू नकोस, बंद कर. बंद केलेलं परत चालू करता येतं.

एसव्हीसीहोस्टची रांगही त्याला दाखवली. तो विंडोजच्या सेवा चालवणारा यजमान. नाव एक, पोटात सेवा वेगवेगळ्या. पूर्वी एका यजमानाकडे पुष्कळ सेवा असत. २०१७च्या विंडोज १०पासून, मशीनमध्ये साडेतीन जीबीहून जास्त रॅम असेल तर जवळपास प्रत्येक सेवेला स्वतंत्र यजमान देतात, एक कोसळला तर बाकीच्यांना झळ नको म्हणून. म्हणजे ती लांबलचक रांग तब्येत ठीक असल्याची खूण.

"मॅडम, बरोबर आहे तुमचं," पोरगा म्हणाला, "पण एवढं बघत बसलो तर दिवसात दोन घरं होतील. फॉरमॅटचे पैसे लोक देतात. बघण्याचे कोण देतंय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. फॉरमॅट तासात होतं, हमखास चालतं आणि गिऱ्हाइकाला काम झालेलं दिसतं. दुखणं शोधायला अर्धा दिवस जातो आणि शेवटी निघतो चहा-भज्यांचा सेल. त्याचे किती मागायचे? मामांनी त्याला आजच्या बसण्याचे पैसे दिले. तो घेईना, मग घेतले.

त्याच्या पेनड्राइव्हवर 'न्यू फोल्डर' नावाचा फोल्डर होता, जो फोल्डर नव्हता. चित्र फोल्डरचं, शेपूट 'ईएक्सई'चं. पण विंडोज ओळखीच्या फायलींचं शेपूट मुळातच लपवून ठेवतं, त्यामुळे दिसतो तो निव्वळ फोल्डर. शेपटं लपवायचा हा निर्णय ज्याने घेतला त्याला मी कधी माफ करणार नाही. मायक्रोसॉफ्टने २०११ साली पेनड्राइव्ह लावताच आपोआप काही चालू होण्याची सोय बंद केली, पण हाताने दोनदा टिचकी मारणाऱ्याला कोण अडवणार? पोरगा शरमला. ही पेनड्राइव्ह तो रोज घरोघर लावतो.

मोठ्या नावांनाही सूट देऊ नये. २००५ साली मार्क रुसिनोविच या माणसाला आपल्या मशीनमध्ये लपून बसलेल्या फायली सापडल्या. कुठून आल्या? सोनीची गाण्यांची सीडी त्याने मशीनमध्ये लावून ऐकली होती. गाणी कुणी उतरवून घेऊ नयेत म्हणून कंपनीने स्वतःच चोरपावलांनी काहीतरी बसवलं होतं. सुरू होताना काय काय उठतं त्याची सगळ्यात सविस्तर यादी दाखवणारं 'ऑटोरन्स' हे फुकट साधनही त्याच्याच घरातलं. पोराला ते टाकून दिलं.

संध्याकाळी जुन्या सीडीतून फॉन्ट परत आले, पॅकेज सुरू झालं, डोंगलाचा दिवा लागला. रांगोळीची अक्षरं झाली. मामा 'देवल' या प्रकरणाशी थांबले आणि चष्मा पुसत वाचत राहिले. मग मान वर करून म्हणाले, "हितं एक तारीख चुकलीय."

सोमवार, ५ जानेवारी, सांगली

आज जोशींचा वाढदिवस. ही तारीख मी क्लासात दरवर्षी सांगायची. १९९०च्या जूनमध्ये भारतात एक व्हायरस सापडला, त्याचं नाव जोशी. फ्लॉपीच्या आणि हार्ड डिस्कच्या अगदी पहिल्या जागेत, जिथून मशीन सुरू होतं तिथेच तो बसायचा. वर्षभर काही बोलायचा नाही. ५ जानेवारीला मशीन अडून बसायचं आणि पडद्यावर लिहून यायचं: 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप करा. केलं की मशीन पुढे चालू. जगभरच्या व्हायरसांच्या याद्यांत तो आजही त्याच नावाने आहे.

मामांना हे फार आवडलं. "निदान वाढदिवस तरी सांगून ठेवला. शुभेच्छा मागितल्या, खंडणी नाही."

त्याच्या चार वर्षं आधी लाहोरच्या दोन भावांनी 'ब्रेन' लिहिला होता. तोही फ्लॉपीच्या त्याच पहिल्या जागेत बसणारा. त्यांनी तर आत स्वतःची नावं, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर घातले होते. यांच्यावर उपाय एकच: खात्रीच्या, लिहिता न येणाऱ्या फ्लॉपीवरून मशीन सुरू करायचं, म्हणजे आतल्याला उठायची संधीच मिळत नाही, आणि मग झाडू मारायचा. माझ्या पिशवीतली पेनड्राइव्ह त्याच वंशातली.

सातारची बाई आली आहे हे गल्लीत कळल्याने दुपारी पलीकडच्या घरातली एक मुलगी लॅपटॉप घेऊन आली. कसलंसं अपडेट झालं आणि निळ्या पडद्यावर ४८ आकडी किल्ली मागतोय. तिने कधी कुलूप लावलंच नव्हतं. नव्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने आत गेलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. खातं कोणतं, हे लोकांना आठवत नाही, कारण ते दुकानदाराने उघडून दिलेलं असतं. सुदैवाने हिचं खातं भावाच्या ईमेलवर निघालं. किल्ली कागदावर लिहून तिच्या आईकडे दिली. आईने ती रेशनकार्डात ठेवली. चांगली जागा.

मग मामांच्या मशीनचं पुढे काय, हा विषय निघाला. विंडोज १०चा सांभाळ मायक्रोसॉफ्टने गेल्या १४ ऑक्टोबरला थांबवला. हे मशीन ११ला चालत नाही, प्रोसेसर जुना आहे आणि हवी ती सुरक्षेची चिप नाही. घरच्या मशीनना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळवायची एक वाढीव मुदत आहे, तिच्यात नाव घातलं. बँक मोबाइलवर. इथे फक्त लिहिणं. टिपणांच्या दोन प्रती: एक रिकाम्या डिस्कवर इथे, एक पुन्हा मिरजेला. युनिकोडमध्ये नेणं आजच सुरू केलं. बदलून देणारे प्रोग्रॅम आहेत, पण जोडाक्षरांत आणि रफारात गडबड करतात, म्हणजे प्रत्येक पान मामांना वाचावं लागणार. त्यांना त्याचं वाईट वाटलेलं दिसलं नाही.

जेवताना मामांनी विचारलं, मग अँटिव्हायरस असला की निर्धास्त? त्यांना १९ जुलै २०२४चा शुक्रवार सांगितला. क्राउडस्ट्राइक ही मोठमोठ्या कंपन्यांची मशीनं राखणारी कंपनी. तिने एक छोटी फाइल जगभर पाठवली, तिच्यात खोट होती, आणि राखणदार विंडोजच्या गाभ्यातच बसलेला असल्याने मशीनं सुरू होतानाच कोसळू लागली. पंच्याऐंशी लाख मशीनं. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. उपाय काय होता? प्रत्येक मशीनसमोर माणसाने बसायचं, ते सेफ मोडमध्ये सुरू करायचं, तेवढी एक फाइल शोधून उडवायची. त्या दिवशी अनोळखी नावाची सिस्टिम फाइल उडवणं हेच बरोबर होतं, पण नेमकी कोणती ते कंपनीनेच सांगितल्यावर.

"आणि फॉरमॅट?" मामींनी विचारलं.

"मारला असेल की काहींनी," मामा म्हणाले.

शनिवार, १० जानेवारी, सातारा

मामांचा फोन. मशीन ठणठणीत. भिंतीवरचं बटण आता रात्री चालू ठेवता का विचारलं, तर म्हणाले, नाही. सेल संपला तर नवा घालू, कसा घालायचा ते त्या पोराला येतंय आता. पोराने गल्लीत दोन घरी सेलच बदलून दिले म्हणे, आणि 'बघण्याचे' पैसे वेगळे लावायला लागला आहे.

सुरुवातीला चालू होणाऱ्या प्रोग्रॅमांची यादी मामांनी कागदावर उतरवून कॅबिनेटला डकवली आहे: डावीकडे नाव, उजवीकडे काम. मराठी पॅकेज, आवाज, टचपॅड नसताना टचपॅडचं काहीतरी, वगैरे. एका नावासमोरची जागा रिकामी होती, तेवढ्यासाठी फोन. नाव वाचून दाखवलं. म्हटलं, तो छपाई यंत्राचा मदतनीस आहे. कागद अडकला, शाई संपली हे सांगणारा.

"छपाई यंत्र तर तीन वर्षांखाली भंगारात दिलं."

"मग काढून टाका. कशालाच लागत नाही तो."

जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "खातंय किती?"

"चार-पाच एमबी असेल."

"मग राहू दे की. बिचारं रोज उठून विचारतंय, कागद आहे का."

मी म्हटलं, राहू दे.